एक्केचाळीस नंबरचा पत्रा

चौकोनी पत्रा नराचा, गोल पत्रा मादीचा. ही रीत ताराचंदने पाडली होती. ताराचंद जनावरांच्या कॉलेजात मेलेल्या जनावरांची हाडं साफ करायचा. कवट्या सोड्याच्या पाण्यात उकळताना कागदाची चिठ्ठी टिकत नाही, आणि ताराचंदला आकडे येत असले तरी अक्षरं नीट वाचता येत नव्हती. म्हणून तो डालड्याच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कात्रीने कापायचा, खिळ्याने ठोकून त्यावर नंबर पाडायचा आणि तारेने कवटीच्या गालाच्या हाडाला बांधून टाकायचा. नर असला तर चौकोनी, मादी असली तर गोल. डोळे मिटूनही बोटांना कळायचं.

डॉक्टर पुष्पलताबाईंचं सगळं काम त्या पत्र्यांवर चाललं होतं. बाई कॉलेजातच पुढचं शिकत होत्या. गावठी कुत्र्याच्या कवटीत नर आणि मादी असा फरक असतो का, आणि असला तर तो एक्स-रेवर मोजता येतो का, हा त्यांचा विषय. तीस नर आणि तीस मादी अशा साठ कवट्या त्यांनी दोन वर्षांत जमवल्या होत्या. आता अठ्ठ्याहत्तर सालचा एप्रिल चालू होता आणि जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता.

एक्स-रे काढायचे ते रुपराव. त्यांना कॉलेजात सत्तावीस वर्षं झाली होती. कागदोपत्री ते अटेंडंट होते, पण त्या जुन्या यंत्राला दुसरा कोणी हात लावत नसे. दुपारी दोननंतर व्होल्टेज बरं असायचं, तेव्हा ते रोज चार-पाच कवट्या घ्यायचे. प्रत्येकीचे दोन फोटो, एक बाजूने आणि एक वरून. पत्र्याची सावली हाडावर येऊ नये म्हणून फोटोपुरता पत्रा सोडून तबकात ठेवायचा आणि कवटीशेजारी शिशाचा नंबर मांडायचा. त्यामुळे धुतलेल्या प्लेटवर नुसता नंबर दिसे. नर की मादी हे पत्रा पाहिल्याशिवाय कळत नसे.

त्यावरून दोघांचा एक खेळ सुरू झाला होता. ओली प्लेट उजेडाच्या पेटीवर लावली की बाई म्हणायच्या, "सांगा, रुपरावभाऊ."

रुपराव चष्मा सारखा करून क्षणभर पाहायचे. "मादी."

बाई तबकातला पत्रा उचलायच्या. गोल.

चाळीस कवट्यांत ते फक्त दोनदा चुकले होते. कवटीच्या माथ्यावर, मधोमध, मागच्या बाजूला हाडाची एक उभी धार असते. जबड्याचे स्नायू तिला धरून असतात. नरात ती कुऱ्हाडीच्या पात्यासारखी वर येते, मादीत बहुतेक माथा गुळगुळीतच राहतो. गालाची हाडंही नरात जरा बाहेर फाकलेली. बाई हे सगळं कंपासने मिलिमीटरमध्ये मोजायच्या. रुपराव नुसतं पाहायचे.

"तुम्ही असं एका नजरेत सांगता, मग मी काय मोजून राहिली?" बाई एकदा म्हणाल्या.

"तुम्ही मोजता म्हणून ते खरं होते बाई. माहं का, नुसतं पाहणं हाय."

रुपरावांची बायको जयवंता वारल्याला चार महिने झाले होते. हा खेळ सोडला तर दिवसभरात ते फारसं बोलत नसत. बाईंना ते माहीत होतं, म्हणूनच बहुतेक त्या खेळ मोडत नव्हत्या.

त्या दिवशी एक्केचाळीस नंबरची प्लेट धुऊन निघाली. बाईंनी ती पेटीवर लावली आणि हसून म्हणाल्या, "ही तर मीसुद्धा सांगते. धार नावालाही नाही. मादी."

रुपराव प्लेटकडे पाहत होते. खालच्या जबड्यात डावीकडचा सुळा अर्धा तुटलेला होता. तो कसा तुटला ते त्यांना माहीत होतं. जयवंताचा पितळी अडकित्ता चावताना तुटला होता.

"नर," ते म्हणाले.

"काहीतरीच काय!" बाईंनी पत्रा उचलला. चौकोनी होता. त्या पत्र्याकडे आणि मग रुपरावांकडे पाहतच राहिल्या. "अहो, तुम्हाला कसं दिसलं हे? मला तर एकही खूण दिसत नाही नराची. काय पाहिलं तुम्ही?"

"तसंच वाटलं," रुपराव म्हणाले आणि पुढची कवटी आणायला उठले.

एक्केचाळीस नंबरची कवटी मोतीची होती.

नऊ वर्षांपूर्वी त्यांची एकुलती मुलगी देवकी लग्न होऊन खापरखेड्याला पॉवर हाऊसच्या कॉलनीत गेली, आणि गिट्टीखदानमधल्या त्यांच्या घराच्या दोन खोल्या एकदम मोठ्या झाल्या. त्याच पावसाळ्यात जयवंता कळमेश्वरला माहेरी गेली आणि येताना पदराखाली एक पिल्लू घेऊन आली. पांढरं, कानांवर तांबूस.

"हे कायले आणलं?" रुपराव म्हणाले.

"बसस्टँडवर भिजून राह्यलं होतं. कुत्रा हाय, कुत्री नाई. म्या नीट पाह्यलं."

हे तिने आधीच सांगून टाकलं, त्याला कारण होतं. कुत्री पाळायची नाही असं रुपरावांचं एकदाचं सांगून झालं होतं. कुत्री म्हटली की वर्षाला दोनदा पिल्लं. बेवारशी पिल्लं पोत्यात घालून कॉलेजात येतात, आणि कॉलेजात त्यांचं काय होतं ते ते रोज पाहत होते. आपल्या घरची पिल्लं आपल्याच हाताने तिकडे न्यायची वेळ येऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिल्लू ओल्या फडक्याने पुसायला बसले आणि पिल्लू मजेने पाठीवर पडलं. दिसायचं ते दिसलं. जयवंता चुलीपाशी पाठमोरी होती. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला होता. पाठमोरी असली तरी तिचे कान मागे लागलेत, हे त्यांना कळत होतं.

"काय वं," ते म्हणाले, "ह्याचं नाव काय ठेवाचं?"

हात पुन्हा चालू झाला. "मोती ठेवू. नरच हाय ना?"

"नर हाय."

असं ते झालं. शेजारच्या यमुताईपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्या गल्लीने मोतीला नरच म्हटलं. जयवंताच्या तोंडी सारखं "माहा मोत्या आला, माहा मोत्या रुसला" असायचं. रुपरावही तसंच म्हणू लागले. पहिले काही दिवस मनात हसू यायचं, मग तेही येईनासं झालं.

पिल्लू वाढायला लागलं तेव्हा जयवंता काळजीत दिसू लागली. एका सकाळी तिने घडी घातलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला. "राशनच्या दुकानात द्याचा हाय. सही करा. म्या चहा आणतो."

ती आत गेली. रुपरावांनी घडी उलगडली. कागद त्यांच्याच कॉलेजचा होता, ऑपरेशनच्या संमतीचा. वर्णन मादी, नाव मोती, पिल्लं न होण्याची शस्त्रक्रिया, मालकाची सही. त्यांनी तो वाचला आणि घाईने चष्मा काढून खिशात घातला. ती चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी न पाहिल्यासारखी, डोळे बारीक करून सही ठोकली.

"राशनवाला आजकाल किती कागद मागते," ते म्हणाले.

"हो ना, बापा," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी ते कॉलेजात डार्करूमची कडी लावून बसले. जयवंता पिल्लू घेऊन व्हरांड्यात असेल, समोरासमोर झालो तर तिची पंचाईत होईल, म्हणून दुपारपर्यंत बाहेरच आले नाहीत. संध्याकाळी घरी आले तर मोतीच्या पोटाला पट्टी.

"तारेत अडकला," जयवंता म्हणाली. "डॉक्टरनं टाके घातले."

"बरं झालं घातले ते."

मग नऊ वर्षं गेली. मागच्या डिसेंबरात जयवंताला कावीळ झाली. तिने ती अंगावर काढली. मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी आणायचं होतं. अकरा दिवसांत ती गेली. शेवटी शेवटी तिला नीट शुद्ध नव्हती, पण एकदा तिने डोळे उघडून विचारलं, "मोत्या जेवला का?"

"जेवला," रुपराव म्हणाले. जेवला नव्हता.

ती गेल्यावर मोतीने दारातली जागा सोडली नाही. यमुताई दूध-पोळी कुस्करून ठेवायची, त्या पोळीला मुंग्या लागायच्या. बाराव्या दिवशी सकाळी देवकी झाडायला गेली तर मोती आखडून पडलेली होती. देवकी तिथेच पायरीवर बसून रडायला लागली, आईसाठी की मोतीसाठी, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत मोतीला टाकू नका, असं जयवंता नेहमी म्हणायची. घराला अंगण नव्हतं, पुरायला जागा नव्हती. रुपरावांनी जयवंताच्या एका लुगड्यात मोतीला गुंडाळलं, सायकलला बांधलं आणि कॉलेजात नेलं. बाईंना कवट्या हव्या होत्या. कपाटात नंबर लागून राहील, रोज नजरेसमोर राहील, असा त्यांनी विचार केला. तेव्हा तो बरोबर वाटला.

ताराचंदने पत्रा आणि कात्री हातात घेतली. "काय गा रुपराव, नर का मादी?"

सत्तावीस वर्षांत रुपरावांनी एकही नोंद चुकीची जाऊ दिली नव्हती. कोणाच्याही अर्जावर जनावराचं वय चुकलेलं दिसलं की त्यांचा हात आपोआप पेनकडे जायचा, कारण वयावर औषधाचं माप ठरतं. त्यांना "मादी" म्हणायचं होतं. पण जयवंताला जाऊन बारा दिवस झाले होते. तिने नऊ वर्षं जपलेली एवढी एक गोष्ट होती, आणि ती आता बोलायला नव्हती.

"नर," ते म्हणाले.

ताराचंदने एरवी नक्की पाहिलं असतं. पण वहिनीचं लुगडं होतं, म्हणून त्याने ते मानेपलीकडे उघडलं नाही. त्याने चौकोन कापला.

एक्केचाळीस नंबरने पुष्पलताबाईंची झोप उडवली. त्यांनी ती कवटी पुन्हा मोजली, फोटो पुन्हा काढायला लावले, एकदा तर ओंजळीत धरून खिडकीशी अर्धा तास उभ्या राहिल्या. सगळी मापं मादीची. त्यांच्या तक्त्यात एका बाजूला तीस मादी होत्या, दुसऱ्या बाजूला एकोणतीस नर, आणि हा एक नर मादींच्या घोळक्यात जाऊन बसला होता.

"माझ्या गाईड सरांना म्हटलं, हा एक वगळू का?" त्या एका दुपारी सांगत होत्या. "सर म्हणाले, आवडला नाही म्हणून वगळता येत नाही. एका नराची कवटी अशी असेल तर अशा आणखी असतील. एक तर कारण शोधा, नाही तर लिहा की कवटीवरून नर-मादी खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे दोन वर्षं पाण्यात, रुपरावभाऊ."

रुपराव फिल्म ठेवायची कॅसेट पुसत होते. पुसून झालेली कॅसेट त्यांनी पुन्हा पुसायला घेतली.

"आणि तुम्ही तर पाहताक्षणी नर म्हणाले. म्हणजे खूण आहे. मलाच दिसून नाही राहिली." बाई थांबल्या. मग एकदम म्हणाल्या, "हा कुत्रा तुमच्या घरचा होता, असं ताराचंद म्हणाला. खरं का?"

"हो."

"अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं? मला सांगा, तो लहानपणी खच्ची केला होता का?"

रुपरावांनी मान वर केली.

"लहानपणीच केला असेल तर धार वाढलीच नसेल ना! बैलात नाही का, खच्ची केलेल्याची मान, डोकं वेगळं होते? तसंच. सगळं जमते मग! कधी काही ऑपरेशन झालं होतं का त्याचं?"

"झालं होतं," रुपराव म्हणाले. हे खरं होतं.

"खच्चीचं?"

नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार. हो म्हटलं तर बाईंचं काम सुटतं आणि जयवंताचा शब्दही राहतो.

"हो," ते म्हणाले.

बाईंनी टाळीच वाजवली. ताराचंदला हाक मारली, कँटीनमधून तीन चहा मागवले. मग सरांना सांगायला जिना चढून वर पळत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. सर म्हणाले होते की हे नुसतं कारण नाही, हा वेगळा मुद्दा आहे, यावर स्वतंत्र दोन पानं लिहा. "फक्त तारीख हवी," बाई म्हणाल्या. "ऑपरेशनचं जुनं रजिस्टर असेलच ना? उद्या सकाळी काढते शोधून."

रुपरावांचा चहा तसाच थंड झाला. ताराचंद म्हणाला, "काय गा, पित काहून नाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना शिकवायचा तास लागला आणि रजिस्टर दुपारवर गेलं. जेवणाच्या सुट्टीत रुपराव डबा न उघडताच जुन्या कागदांच्या खोलीत गेले. किल्ली त्यांच्याकडे असायचीच, जुन्या प्लेटा तिथेच ठेवलेल्या होत्या. एक पान काढून घ्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं. एवढ्या वर्षांचं रजिस्टर, एक पान नाही म्हणून कोणी काही म्हणणार नाही. मग बाई त्यांच्या शब्दावर लिहितील.

एकोणसत्तर-सत्तरचं रजिस्टर सापडलं. नोंद सापडली, आणि नोंदीला टाचणीने लावलेला तो संमतीचा कागदही. टाचणी गंजली होती. पण कागद बंद रजिस्टरात होता, त्यामुळे चांगला राहिला होता. त्यांनी तो उजेडाकडे धरला.

कंपाउंडरने लिहिलं होतं: वर्णन मादी, नाव मोती, वय सहा महिने. पण "सहा"वर एक सरळ रेघ मारलेली होती आणि वर बारीक अक्षरात "आठ" लिहिलं होतं.

ते अक्षर रुपरावांचं होतं.

ते खाली प्लेटांच्या खोक्यावर बसले. जयवंता चहा आणायला आत गेली तेवढ्या वेळात त्यांच्या हाताने ते केलं होतं. चूक दिसली आणि दुरुस्त केली, रोज करत तशी. चष्मा लपवला, डोळे बारीक केले, राशनवाल्याला नावं ठेवली, आणि कागदावर मात्र आपण वाचल्याची खूण करून ठेवली. नऊ वर्षांत हे त्यांना एकदाही आठवलं नव्हतं.

मग तिने हे पाहिलं असेल का?

ती चौथी शिकलेली होती. देवकीचं पत्र आलं की प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून हळूहळू वाचायची. पण हा कागद तिने वाचला, की घडी करून तसाच दिला? त्यांना सांगता येईना. आणि विचारायला कोणी नव्हतं. जयवंता गेल्यापासून रडण्याच्या पुष्कळ वेळा आल्या होत्या. लोकांसमोर ते रडलेही होते. पण तिला काहीतरी विचारायचं आहे आणि ती नाही, हे त्या खोक्यावर बसून त्यांना जेवढं लागलं तेवढं घाटावरही लागलं नव्हतं.

पान फाडायला आलो होतो हे त्यांना थोड्या वेळाने आठवलं. त्यांनी रजिस्टर मिटलं, काखेत धरलं आणि बाईंच्या खोलीकडे गेले.

पुष्पलताबाई लिहीत होत्या. रुपरावांनी रजिस्टर त्यांच्यासमोर उघडून ठेवलं.

"अरे वा, तुम्हीच आणलं!" बाई वाकल्या. वाचलं. पुन्हा वाचलं. "हे तर मादी लिहिलंय."

"मादीच होती बाई."

"म्हणजे?"

"ताराचंदले म्याच नर सांगतलं. आन् काल तुमाले खच्ची म्हटलं, तेही खोटं. तुमाले धार दिसली नाई, कारण नव्हतीच. तुमचं मोजणं बरोबर होतं."

बाई उठून उभ्या राहिल्या. "तीन आठवडे, रुपरावभाऊ! तीन आठवडे मी स्वतःला आंधळी समजून राहिली. तुमच्यावर विश्वास ठेवून मी काल सरांना सांगून आली! उद्या हे छापलं असतं म्हणजे? कोणीतरी पुढे हे खरं धरून चाललं असतं!"

"हो."

"नुसतं हो काय? काहून केलं तुम्ही असं?"

रुपरावांनी सांगितलं. त्यांना रंगवून सांगता येत नव्हतं. पदराखालचं पिल्लू, राशनचा कागद, डार्करूमची कडी, लुगडं, एवढंच सांगितलं. मध्ये एकदा थांबले, पाणी प्यायले आणि पुढचं सांगितलं. बाई केव्हातरी खुर्चीत बसल्या होत्या.

मग बाईंनी त्या "आठ"वर बोट ठेवलं. "हे तुमचं अक्षर आहे."

"हो."

"मग त्यांना..." बाईंनी वाक्य सोडून दिलं.

"तेच मले समजून नाई राह्यलं," रुपराव म्हणाले.

मग त्यांनी बाईंची वही पुढे ओढली. एक्केचाळीस नंबरच्या ओळीत "नर" खोडून "मादी" लिहिलं आणि समासात लिहिलं, 'चूक माझी, कवटीची नाही', आणि सही केली. तिथून ते ताराचंदच्या शेडमध्ये गेले. कपाटातून कवटी आणवली. ताराचंद नवीन गोल पत्रा कापायला डबा शोधू लागला, पण रुपराव म्हणाले, "राहू दे गा. कात्री दे." त्यांनी तोच पत्रा घेतला आणि त्याचे चारी कोपरे कापून काढले. नंबर तोच राहिला, कडा थोड्या ओबडधोबड झाल्या. तो त्यांनी गालाच्या हाडाला स्वतः बांधला. तुटलेल्या सुळ्यावरून एकदा अंगठा फिरवला.

ताराचंदने कात्री परत जागेवर ठेवली. मग म्हणाला, "आता मादी एकतीस झाल्या. बाईंले एक नर पाह्यजेन."

"भेटन," रुपराव म्हणाले.

तो कागद मात्र सरकारी रजिस्टरातला होता, परत जायला हवा होता. रुपरावांनी बाईंना विचारलं, याची एक प्लेट करून घेऊ का, फिल्मचे पैसे भरतो. बाई म्हणाल्या, पैशांचं काढाल तर मी पुन्हा चिडेन. मग रुपरावांनी डार्करूममध्ये कोरी फिल्म ठेवली, तिच्यावर कागद पालथा दाबला, वरचा दिवा क्षणभर लावून विझवला आणि फिल्म धुवायला टाकली. लाल उजेडात नीट काही दिसत नव्हतं. काळ्यावर पांढऱ्या ओळी आल्यात एवढं दिसलं. वाळल्यावर ती त्यांनी पाकिटात घातली.

घरी पोचले तेव्हा सहा वाजले होते. उन्हाळ्याचं ऊन मागच्या खिडकीतून अजून आत येत होतं. त्यांनी कुलूप काढलं, चप्पल सोडली आणि प्लेट खिडकीशी धरली.

काळ्या फिल्मवर सगळी अक्षरं पांढरी होऊन उमटली होती. "मादी." "मोती." खोडलेलं "सहा." वर त्यांच्या हातचं "आठ." आणि त्या ओळींखाली आणखी काहीतरी होतं, कागदावर त्यांना ते दिसलं नव्हतं. "मादी"खाली एक पुसट गोल डाग. "मोती"खाली एक. मग "आठ"खाली, सगळ्यात ठळक, एका बोटाचं टोक, त्यावरच्या बारीक रेघांसकट.

रुपरावांना प्लेटा वाचता येत होत्या. पिवळा डाग डोळ्याला कितीही फिका वाटला तरी फिल्म त्याला काळ्या शाईसारखंच पकडते, हे त्यांना सत्तावीस वर्षांपासून माहीत होतं. हळदीचं बोट होतं. ओळीओळीने खाली ठेवत आलेलं, आणि "आठ"पाशी येऊन दाबून थांबलेलं.

त्या कागदावर सही केली त्या संध्याकाळी जयवंताने पुऱ्या आणि भरल्या वांग्यांची भाजी केली होती. सण नव्हता, कोणी पाहुणा नव्हता. "आज काय हाय वं?" असं त्यांनी विचारलं होतं. "काई नाई, खा," असं ती म्हणाली होती, आणि त्यांच्या ताटात आणखी दोन पुऱ्या टाकल्या होत्या. मोती दारात बसून दोघांकडे पाहत होती.

"जयवंता," रुपराव खिडकीशी उभ्या उभ्याच म्हणाले, "मले ठावं होतं वं."

हे वाक्य ते नऊ वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. खोलीत त्यांचाच आवाज झाला. बाजूच्या घरातून यमुताईने विचारलं, "भाऊ, मले हाक मारली का?"

"नाई ताई."

दाराजवळच्या खिळ्याला मोतीचा पट्टा अजून टांगलेला होता. त्याच खिळ्याला प्लेट अडकवावी असं त्यांच्या मनात आलं, पण तिथे ऊन पोचत नव्हतं. म्हणून ते प्लेट हातात धरून खिडकीशीच उभे राहिले. ऊन खाली गेलं. आधी नाव दिसेनासं झालं, मग आकडा, मग बोट, आणि प्लेट नुसती काळी झाली. तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.